डायलिसिसच्या कागदावर मनाचाही रकाना हवा

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

सहा वर्षं मी डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. वर्षाला सहाशेहून जास्त तास होतात. दर वेळी माझा कागद भरला जातो. आधीचं वजन, नंतरचं वजन, रक्तदाब, किती पाणी काढलं. मन कसं आहे, हे मात्र या सहा वर्षांत एकदाही कुणी विचारलेलं नाही.

शेजारच्या बेडवर एक गृहस्थ असायचे. सुरुवातीला टेक्निशियनशी भरभरून बोलत. पुढे सुया लागल्या की चादर तोंडावर ओढून घेऊ लागले, मग तासभर आधीच ‘मला सोडा’ म्हणू लागले. मधल्या दोन दिवसांत वजन चार-चार किलोनं वाढायचं, म्हणून सगळे त्यांना पाण्यावरून रागवायचे. मीही रागावलो. या माणसाची जगण्यावरची इच्छाच उडालीय, हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही. एका सकाळी त्या बेडवर दुसरं कुणी होतं. त्यांचं काय झालं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

थकवा, उडालेली झोप, मेलेली भूक हे सगळं किडनीच्या आजारातही होतं. त्यामुळे नैराश्य त्याच्याआड लपून राहतं. आणि ते नुसतं मनात राहत नाही. असा रुग्ण डायलिसिस चुकवतो, औषधं सोडतो. मी स्वतः रोज रात्री फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी हातात शस्त्रक्रियेनं जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवून थरथर लागते ना, ते बघतो; ती लागली म्हणजे रक्त नीट वाहतंय. कधी कधी ती लागू नये असंही वाटून गेलंय. हे मी आज पहिल्यांदाच सांगतोय.

महोदय, नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली काही मिनिटांत भरून होते. आम्ही चार तास तिथंच असतो, समुपदेशकानं बेडपाशी यावं. अमेरिकेत 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डायलिसिस चालू असतानाच समुपदेशन केलं गेलं होतं, म्हणजे हे जमण्यासारखं आहे. प्रत्येक केंद्राला हे बंधनकारक करा. बेड जवळजवळ असतात, तेव्हा मधे पडदाही हवा. घरच्यांशीही कुणीतरी बोलायला हवं, तीही माणसं आतून दमलेली असतात.

आणि प्रश्नावली भरून नुसती फाइलला लागू नये. ज्याची उत्तरं काळजीची असतील, त्याच्याशी पुढच्या डायलिसिसच्या आत कुणीतरी बोललेलं असावं.

आपला,
एक डायलिसिस रुग्ण