खुले पत्र : ऑपरेटिंग सिस्टीमच्या अटी पैसे घेण्याआधी दाखवा

माननीय ग्राहक व्यवहार मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

नवा संगणक पहिल्यांदा सुरू केला, की ऑपरेटिंग सिस्टीमच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, परवान्याचा लांबलचक मजकूर समोर येतो. तोवर पैसे देऊन झालेले असतात. 'ॲक्सेप्ट'चे बटण दाबल्याशिवाय पुढचे काही उघडत नाही. या दाबलेल्या बटणाला कायद्याने संमती मानावे, हे मला पटत नाही.

विंडोजचा परवानाच पाहा. सॉफ्टवेअर विकलेले नाही, फक्त वापरायला दिले आहे, असे त्यात लिहिलेले आहे. संगणकासोबत आलेली प्रत दुसऱ्याला द्यायची तर त्या संगणकासकटच द्यावी लागते. सुटी विकत घेतलेली रिटेल प्रत मात्र आपल्याच दुसऱ्या संगणकावर नेता येते. वापरताना दोन्हींत काडीचा फरक जाणवत नाही, पण जुने यंत्र मोडीत निघाले की एक परवाना त्याच्याबरोबर संपतो आणि दुसरा हाती राहतो. घेणाऱ्याला हे दुकानातच कळायला हवे. अटी नामंजूर असतील तर? संगणकाच्या निर्मात्याच्या धोरणाप्रमाणे अख्खा संगणकच परत करावा लागू शकतो, असे तोच परवाना सांगतो. ॲपलची ऑपरेटिंग सिस्टीम मॅकओएस तर ॲपलच्या यंत्राखेरीज कुठे बसवायचीच परवानगी नाही.

मोठ्या संस्थांची फसगत वेगळी असते. विंडोजचे व्हॉल्यूम लायसन्स, म्हणजे अनेक यंत्रांसाठी एकत्र घेतलेला परवाना, हे केवळ अपग्रेडचे, म्हणजे आधीच्या विंडोजवरून पुढे जाण्याचे, लायसन्स आहे. प्रत्येक यंत्रावर आधीचा पात्र परवाना असावा लागतो. खर्च वाचवायला ऑपरेटिंग सिस्टीमविना यंत्रे घेऊन त्यांवर हे लायसन्स चढवले, तर शाळा असो वा सरकारी कार्यालय, पैसे मोजूनही नियमभंग होतो.

कायदा यात काहीच करू शकत नाही, असे नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 3 जुलै 2012 रोजी ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला, की किंमत घेऊन कायमस्वरूपी दिलेला परवाना ग्राहक पुढे विकू शकतो. मात्र स्वतःकडची प्रत त्याने बंद केली पाहिजे.

म्हणून मागणी अशी, की परवाना यंत्राशी बांधलेला आहे की हलवता येतो, सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील आणि नकार दिल्यास किती पैसे परत मिळतील, हे खरेदीदाराच्या भाषेत एका पानावर, बिलाआधी देणे सक्तीचे करावे. ऑपरेटिंग सिस्टीमची किंमत बिलात वेगळी दाखवावी आणि ती नाकारणाऱ्याला तेवढी रक्कम परत मिळावी. सरकारी निविदांमध्ये ही अट आपण नवा कायदा होण्याची वाट न पाहता घालू शकता. तेथून सुरुवात करावी, ही विनंती.

आपला,
एक संगणक वापरकर्ता