पोथीतलं ठिगळ ओळखणारा सैनिक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला पोलंडवरचा लेख वाचला. पोलंड म्हटलं की आम्हा कोल्हापूरकरांना दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांसाठी उभारलेली वळिवड्याची छावणी आठवते. लेखात ती आली, बरं वाटलं. पण त्यातला प्रत्येक पोलिश माणूस एकतर निर्वासित, नाहीतर वैमानिक. जन्मभर कायदा शिकवला म्हणून असेल, मी आदाम वेतुलानी (1901-1976) हे नाव शोधत होतो.

वेतुलानी क्राकोव्हच्या यागेलोनियन विद्यापीठात कायद्याचा इतिहास शिकवत. 6 नोव्हेंबर 1939 रोजी जर्मनांनी तिथल्या प्राध्यापकांना व्याख्यान आहे म्हणून बोलावलं आणि 183 जणांना पकडून नेलं. वेतुलानी त्यांत नव्हते. पुढे फ्रान्समध्ये उभ्या राहिलेल्या पोलिश सैन्यातून ते लढले, शौर्यपदक मिळवलं. जून 1940 मध्ये त्यांची डिव्हिजन वेढ्यात सापडली. बारा हजारांवर सैनिकांनी स्विस हद्द ओलांडून बंदुका खाली ठेवल्या. स्विसांनी त्यांना नजरकैदेत ठेवलं, पण त्यांच्यासाठी विद्यापीठाच्या छावण्याही काढल्या!

वेतुलानींचं खरं काम पोथ्यांतलं. इटलीतल्या बोलोन्याच्या ग्रेशियन या कायदेपंडिताने 1140 च्या सुमारास चर्चच्या कायद्याची जवळजवळ 4,000 वचनं एकत्र केली. युरोपभर शतकानुशतकं तो ग्रंथ प्रमाण. वेतुलानींना त्यात रोमन कायद्याचे उतारे खटकले. विषय एक चाललाय आणि मध्येच हे घुसलेत. काही जुन्या संक्षेपांत तर ते नाहीतच. युद्ध संपताच त्यांनी लिहून टाकलं की हा भाग प्रक्षिप्त आहे, मूळ ग्रंथात रोमन कायदा नव्हताच. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर वाद घालणाऱ्या आपल्या लोकांना या म्हणण्याचं वजन वेगळं सांगायला नको.

1996 मध्ये आंदेर्स विनरोथ या स्वीडिश अभ्यासकाने फ्लोरेन्स, बार्सिलोना, आडमोंट इथल्या हस्तलिखितांतून ग्रंथाचा आधीचा, आखूड पाठ वेगळा काढून दाखवला. त्यात रोमन कायदा जेमतेम नावापुरता आहे. वेतुलानींना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

ग्रंथाचा काळ मात्र त्यांनी फारच मागे ओढला होता, ते फारसं कुणाला पटलं नाही. तरी पुरवणीत चार ओळी द्यायला हरकत नव्हती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर