फुटबॉलचाही हिशेब मांडायला लावा: इंडियानाचे गव्हर्नर माइक ब्रॉन यांना खुले पत्र

माननीय गव्हर्नर माइक ब्रॉन यांस,
स. न. वि. वि.

ब्लूमिंग्टनची इंडियाना युनिव्हर्सिटी आणि वेस्ट लाफायेटची पर्ड्यू युनिव्हर्सिटी, दोन्ही आपल्या राज्याची सरकारी विद्यापीठे. गेल्या दोन हंगामांत त्यांच्या अमेरिकन फुटबॉल संघांचे पारडे पुरते उलटले आहे. हे का झाले आणि यात आपल्याकडे कोणता अधिकार आहे, याबद्दल हे पत्र. कमिन्समुळे इंडियानातले कोलंबस आणि पुणे यांचा संबंध जुना आहे, आणि इंजिनिअरिंगमुळे पर्ड्यूचे नाव महाराष्ट्रातल्या अनेक घरांत माहीत आहे. इथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे कर भरतात, मुलांची फी भरतात आणि शनिवारी सामनेही बघतात. त्यांनाही विषय नीट कळावा म्हणून हे मराठीत लिहीत आहोत. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवत आहोत.

या दोन संघांच्या सामन्यातला विजेता ओल्ड ओकन बकेट, म्हणजे विहिरीवरची जुनी ओकची बादली, घरी नेतो. 1925 मध्ये ती पहिल्यांदा पणाला लागली आणि नेमका तोच सामना 0-0 असा बरोबरीत सुटला. म्हणून बादलीच्या साखळीतली पहिली कडी ‘आयपी’ या जोडअक्षरांची आहे. त्यानंतर जिंकणाऱ्याचे ‘आय’ किंवा ‘पी’ असे ब्राँझचे अक्षर दरवेळी जोडले जाते. साखळीत ‘पी’च जास्त दिसतात. 1891 पासूनचा हिशेब धरला तर पर्ड्यूचे 77 विजय, इंडियानाचे 44 आणि 6 बरोबरी. 2017 ते 2023 या काळात झालेल्या सहा सामन्यांपैकी पाच पर्ड्यूने जिंकले. 2022 मध्ये पर्ड्यू ‘बिग टेन’ या दोघांच्या लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. इंडियाना मात्र अव्वल विभागात सर्वाधिक पराभव नावावर असलेला संघ म्हणून ओळखला जाई.

मग 30 नोव्हेंबर 2024 रोजी इंडियानाने पर्ड्यूला 66-0 हरवले. 2025 मध्ये पर्ड्यूच्याच मैदानावर 56-3. त्या हंगामात इंडियानाने ओहायो स्टेटला 13-10 हरवून बिग टेनचे विजेतेपद घेतले, क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) फर्नांडो मेंडोझाला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, मिळाली आणि जानेवारी 2026 मध्ये मायामीला हरवून इंडियाना राष्ट्रीय विजेता झाला. त्याच दोन हंगामांत पर्ड्यूची कामगिरी 1-11 आणि 2-10 (आधी विजय, मग पराभव) अशी राहिली. लीगमधले अठराच्या अठरा सामने तो हरला.

सर्वसाधारण समजूत अशी की ज्याच्याकडे पैसा जास्त, तो जिंकतो. या दोघांच्या बाबतीत हे अर्धवट खरे आहे. बिग टेनमध्ये टीव्हीच्या हक्कांतून येणारी रक्कम या दोन्ही जुन्या सदस्यांना सारखीच मिळते. पर्ड्यूचे मैदानही मोठे आहे. फरक पडला तो तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण वेळापत्रक. 2014 ते 2023 लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट होते. इंडियाना पूर्वेला असल्याने तिला दरवर्षी ओहायो स्टेट, मिशिगन आणि पेन स्टेट या तिघांशी खेळावेच लागे. पर्ड्यूचा पश्चिम गट त्या मानाने सोपा होता, आणि 2022 चा अंतिम सामना त्याने याच वाटेने गाठला. 2024 मध्ये लीग 18 संघांची झाली आणि गट मोडले. त्या वर्षी पर्ड्यूला ओहायो स्टेट, ओरेगन, पेन स्टेट आणि लीगबाहेरचा नॉट्र डेम असे चारही डोंगर चढावे लागले. इंडियानाला त्यांतला फक्त ओहायो स्टेट नियमित हंगामात भेटला आणि तिथे ती 38-15 हरली. त्यामुळे 2024 च्या फरकातला काही भाग वेळापत्रकाचा होता, हे मान्य करावे लागते. 2025 मध्ये मात्र इंडियानाने ओरेगनला त्यांच्या घरी जाऊन हरवले, पेन स्टेटलाही तसेच, आणि ओहायो स्टेटलाही हरवले. तेव्हा हे कारण उरले नाही.

दुसरे ठिकाण खेळाडूंच्या बदलीचे नियम. पूर्वी विद्यापीठ बदलले की खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावे लागे. 2021 मध्ये एकदा बदलीची सूट मिळाली आणि एप्रिल 2024 पासून अभ्यासाची अट पाळली तर कितीही वेळा बदली करता येते. जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावता येतात. पूर्वी पडका संघ उभा करायला शाळकरी मुले निवडून चार वर्षे घडवावी लागत. आता ते काम एका जानेवारीत करता येते. पण तेवढ्याच वेळात संघ मोडूही शकतो, आणि पर्ड्यूच्या बाबतीत तेच झाले. 2022 च्या हंगामानंतर प्रशिक्षक जेफ ब्रोम लुईव्हिल विद्यापीठाकडे गेले, पुढचे प्रशिक्षक दोन हंगामांत 5-19 वर गेले आणि डिसेंबर 2024 मध्ये बॅरी ओडम आले तोवर बरेच खेळाडू निघून गेले होते. 2025 चा अर्ध्याहून अधिक संघ नवा होता.

मैदानावर याचा अर्थ काय होतो, ते आक्रमक फळीत दिसते: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि कडांना टॅकल, असे क्वार्टरबॅकला वाचवणारे पाच जण. चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देण्याआधी सेंटर समोरचा मधला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या ओळीतला खेळाडू) कोण ते ओरडून सांगतो, आणि त्यावरून पाचही जणांची अडवणूक ठरते. समोरचे दोन बचावपटू एकमेकांना ओलांडून जागा बदलतात तेव्हा गार्डने आपला माणूस टॅकलच्या हवाली करून दुसरा उचलायचा असतो. हे अर्ध्या सेकंदात, न बोलता व्हावे लागते. सरावाने जमते, पण सराव मोजका असतो: वसंतात 15 सत्रे आणि हंगामापूर्वी 25. पाच जण पाच विद्यापीठांतून आलेले असले तर प्रत्येकाच्या तोंडी त्याच संकेताला वेगळे नाव असते. क्वार्टरबॅकला वेळ मिळत नाही आणि मग संघ वाईट ‘दिसतो’, जरी एकेकटे खेळाडू वाईट नसले तरी.

इंडियानाचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी हीच अडचण ओळखून काम केले. 2023 च्या नोव्हेंबरअखेर जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीतून येताना त्यांनी बचावाचे आणि आक्रमणाचे समन्वयक सोबत आणले, आणि त्याच विद्यापीठातले 13 खेळाडूही. एडन फिशर, मिकाइल कमारा, डीअँजेलो पॉन्ड्स या मुलांना संकेत आधीच पाठ होते, त्यामुळे नव्यांना शिकवणारे सहकारी पहिल्या दिवसापासून हजर होते. निवडीचा निकषही साधा होता: शाळेतला तारांकित दर्जा न पाहता कॉलेजच्या सामन्यांत प्रत्यक्ष किती खेळला आणि काय केले ते पाहायचे. क्वार्टरबॅकही पोर्टलमधूनच, म्हणजे बदली हवी असलेल्या खेळाडूंच्या यादीतूनच, घेतले. 2024 ला ओहायो युनिव्हर्सिटीचा कर्टिस रूर्क, 2025 ला कॅलिफोर्नियाचा मेंडोझा. दोघेही आधी भरपूर खेळलेले. हे कसब आहे आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

तिसरे ठिकाण पैसा, आणि इथून आपला संबंध सुरू होतो.

6 जून 2025 रोजी ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) खटल्यातल्या तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मान्यता दिली. 1 जुलै 2025 पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. 2025-26 साठी एका विद्यापीठाला मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती आणि ती दरवर्षी साधारण 4 टक्क्यांनी वाढायची आहे. फुटबॉल संघातल्या खेळाडूंची संख्या 105 वर बांधली गेली. ही रक्कम सगळ्या खेळांत मिळून वाटायची असते. अनेक विद्यापीठांनी फुटबॉलला 75 टक्के, पुरुष बास्केटबॉलला 15, महिला बास्केटबॉलला 5 आणि बाकी सगळ्यांना मिळून 5 अशी ढोबळ वाटणी धरली. पर्ड्यूला बास्केटबॉल जिवापाड प्रिय, त्यामुळे तिथे फुटबॉलचा वाटा कमी केला तर जलतरण आणि कुस्तीला हात न लावता भागते का, हा खरा प्रश्न आहे. याचे उत्तर राज्यातल्या पालकाला सहज सापडेल अशा जागी मांडलेले नाही. खेळाडूंची नावे विद्यार्थी-गोपनीयतेच्या कायद्याखाली झाकली जातात, ते ठीकच. पण खेळवार एकूण रक्कम झाकायला त्या कायद्याचा आधार लागत नाही.

प्रशिक्षकांच्या करारांचे तर उदाहरण घरातच आहे. 2020 च्या तोकड्या हंगामात इंडियाना 6-2 राहिली. त्यावर विद्यापीठाने तेव्हाचे प्रशिक्षक टॉम ॲलन यांना सात वर्षांचा, वर्षाला सरासरी 49 लाख डॉलरचा करार दिला. पुढचे तीन हंगाम 2-10, 4-8, 3-9. त्यांना काढताना करारानुसार 2 कोटी 8 लाख डॉलर देणे निघत होते. घासाघीस करून ते 1 कोटी 55 लाखांवर आले. काम न करण्यासाठी एका सरकारी विद्यापीठाने दिलेली ही रक्कम आहे. ती देणग्यांतून भागवली असे म्हटले तरी ती देणगी दुसऱ्या कशासाठी मिळू शकली असती, हा प्रश्न उरतोच. ऑक्टोबर 2025 मध्ये सिग्नेटी यांना 2033 पर्यंतचा, वर्षाला सरासरी 1 कोटी 16 लाख डॉलरचा करार मिळाला. जिंकणाऱ्याला तो शोभतो. पण पारडे पुन्हा फिरले तर बाहेर पडण्याची किंमत काय, ते करार करतानाच लोकांना कळले पाहिजे. आणि पारडे फिरते, हे या बादलीच्या साखळीइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही.

आता आपल्या अधिकाराबद्दल. 2025 च्या अर्थसंकल्पी कायद्याने इंडियाना युनिव्हर्सिटीचे माजी विद्यार्थ्यांनी निवडायचे तीन विश्वस्त रद्द झाले आणि नऊही विश्वस्त नेमण्याचा अधिकार आपल्याकडे आला. पर्ड्यूचे बहुतेक विश्वस्तही आपणच नेमता. आपल्याच राज्यातले नॉट्र डेम खासगी असल्याने तिथे आपला शब्द चालत नाही, पण या दोन ठिकाणी चालतो. त्याच कायद्याने अभ्यासक्रमांना मोजपट्टी लावली: तीन वर्षांच्या सरासरीने दरवर्षी किमान 15 पदवीधर, पदव्युत्तर असेल तर 7, डॉक्टरेट असेल तर 3. त्यापायी राज्यभरात चारशेहून अधिक अभ्यासक्रम बंद, स्थगित किंवा विलीन करण्याचे ठरले. विद्यापीठांच्या अनुदानातून 5 टक्के कापले गेले आणि आणखी 5 टक्के राखून ठेवले गेले. भाषेचा छोटा विभाग स्वतःच्या अस्तित्वाचा आकडेवारीनिशी खुलासा करतो आहे. फुटबॉल विभागाकडे तसा खुलासा कुणी मागितलेला नाही. आम्ही दोन्ही संघांवर जीव लावणारे लोक आहोत, आणि म्हणूनच हा दुजाभाव आम्हाला सलतो.

आपण दोन्ही विश्वस्त मंडळांना सांगावे की वर्षाला 10 लाख डॉलरहून मोठा प्रत्येक क्रीडाकरार मंजुरीपूर्वी किमान दहा दिवस मसुद्यासह जाहीर व्हावा. त्यात मुदतीआधी काढल्यास दरवर्षी किती देणे लागेल याचा तक्ता असावा, आणि प्रशिक्षकाला दुसरीकडे नोकरी लागली की तो पगार देण्यातून वजा होईल असे कलम असावे. थेट वाटपाची खेळवार रक्कम दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. ही रक्कम भागवण्यासाठी विद्यार्थ्यांवर नवी सक्तीची फी लादली जाणार नाही, असा ठरावही दोन्हीकडे व्हावा. पर्ड्यूने 2013 पासून राज्यातल्या विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क गोठवून ठेवले आहे. पडलेला संघ उभा करण्याच्या घाईत मागच्या दाराने फी वाढली तर त्या गोठवण्याला अर्थ राहणार नाही.

एक गोष्ट खेळाडूंसाठीही मागायची आहे. नियमानुसार दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा 40 टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर 60 आणि चौथ्या वर्षाअखेर 80 टक्के भाग पुरा झालेला असावा लागतो, आणि तो नव्या विद्यापीठाने मान्य केलेल्या क्रेडिटांवर मोजला जातो. बदलीची खिडकी 2 ते 16 जानेवारी, आणि वर्ग सुरू होतात जानेवारीच्या मध्याला. त्या मोजक्या दिवसांत जुन्या विद्यापीठाचा कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाला जुळतो हे तपासले जाते, आणि मुलगा हवी ती शाखा सोडून जिथे सर्वाधिक क्रेडिट मान्य होतील ती शाखा धरतो. दोन्ही विद्यापीठांनी नेहमी खेळाडू येतात अशा संस्थांचे विषय उन्हाळ्यातच जुळवून ठेवावेत, आणि सही करण्यापूर्वी मुलाच्या हातात लेखी उत्तर द्यावे: तुझे इतके क्रेडिट चालतील, पदवीला इतकी सत्रे लागतील. उच्च शिक्षण आयोगाकडे राज्यातल्या विद्यापीठांपुरती विषय जुळवण्याची यंत्रणा आधीच आहे. ती परराज्यातून येणाऱ्या खेळाडूंसाठी वाढवायला नवा कायदा लागू नये.

वाटपाचे नवे वर्ष आणि विद्यापीठांचे आर्थिक वर्ष दोन्ही 1 जुलैला सुरू होतात. वर मागितलेला खेळवार तक्ता आणि करारांचे नियम त्याआधीच्या विश्वस्त बैठकीत घेतले गेले, तर पुढच्या पोर्टलच्या खिडकीआधी सहा महिने हाती राहतात. दोन्ही मंडळांना तसे पत्र पाठवावे आणि त्याची प्रत जाहीर करावी, ही विनंती.

आपले,
इंडियानातील मराठी फुटबॉलप्रेमी