दोन म्युऑनांचा हिशेब

जिनिव्हा

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

नवा कण दिसतो तरी कसा, असं तू विचारलंस. तो डोळ्यांना कधीच दिसत नाही, मोजणीतून उभा राहतो. हे नुसतं वाचून पटायचं नाही. मालवणात बसून ते करता येतं, म्हणून सगळी रीत लिहिते. सावकाश कर.

सर्न या इथल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या ओपन डेटा संकेतस्थळावर तिच्या सीएमएस प्रयोगाच्या २०१० सालच्या नोंदींतून काढलेली एक सीएसव्ही फाईल आहे. तिच्यात दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड कण) सापडलेल्या लाखभर घटना आहेत. मोबाइलच्या नेटवर उतरेल आणि कॉलेजच्या संगणकावर एक्सेलमध्ये उघडेल. एक ओळ म्हणजे एक घटना, प्रोटॉनांच्या टकरीची एक नोंद. रकान्यांत प्रत्येक म्युऑनची ऊर्जा, संवेगाचे एक्स, वाय, झेड घटक आणि विद्युतभार. एकक जीईव्ही, म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट. ऊर्जा, संवेग, वस्तुमान, सगळं आम्ही त्यातच मोजतो. अंदाजासाठी लक्षात ठेव, प्रोटॉनचं वस्तुमान ०.९३८ जीईव्ही.

आता प्रत्येक ओळीसाठी हे कर. दोन्ही ऊर्जा मिळव, बेरजेचा वर्ग घे. दोन्ही संवेगांचे एक्स घटक मिळवून वर्ग घे, तसंच वाय आणि झेडचं. ऊर्जेच्या वर्गातून हे तीन वर्ग वजा कर आणि वर्गमूळ काढ. घटक चिन्हासकट मिळवायचे. उणे चिन्ह हरवलं की उत्तर भलतंच येतं. फाईलमध्ये वस्तुमानाचा तयार रकाना आहे, त्याच्याशी पहिल्या दहा-वीस ओळी ताडून बघ. दोन म्युऑन एकाच कणाच्या विघटनातून आले असतील, तर हा आकडा त्या कणाचं वस्तुमान. योगायोगाने एकत्र सापडले असतील, तर आकडा कुठेही पडतो.

मग विरुद्ध भाराच्या जोड्या तेवढ्या ठेव आणि स्तंभालेख काढ. इथे बहुतेक मुलं २ ते ११० जीईव्ही सगळं एकाच आलेखात कोंबतात आणि अरुंद शिखरं एखाद्या खांबात गडप होतात. तू तीन आलेख कर: २ ते ५ जीईव्ही, खणाची (एका खांबाची) रुंदी ०.०२, ८ ते १२, रुंदी ०.०५, ६० ते ११०, रुंदी १. पहिल्यात ३.१ जवळ जे/साय नावाचा कण उभा राहील, दुसऱ्यात ९.४६ ला अप्सिलॉन हा कण आणि त्याच्या उजवीला १०.०२ व १०.३६ ची त्याची भावंडं, तिसऱ्यात ९१.२ ला झेड बोसॉन. जे/सायच्या शिखराकडे नीट बघ. त्या कणाची स्वतःची रुंदी ०.०००१ जीईव्हीहूनही कमी आहे, म्हणजे आलेखात दिसते ती सगळी रुंदी आमच्या उपकरणाच्या मापनाची. झेडचं तसं नाही, त्याची स्वतःचीच रुंदी सुमारे २.५ जीईव्ही आहे.

शिखराखालची पार्श्वभूमी, म्हणजे त्या कणातून न आलेल्या जोड्या, काढायची साधी युक्ती: २.९५ ते ३.२५ मधल्या घटना मोज. मग २.८० ते २.९५ आणि ३.२५ ते ३.४० मधल्या मोज. दोन्हीकडची रुंदी ०.३०, म्हणून सरळ वजाबाकी चालते. डावीकडे शेपटी थोडी लांब दिसेल. म्युऑन कधी फोटॉन (प्रकाशकण) सोडून ऊर्जा गमावतो, त्यामुळे. समान भाराच्या जोड्यांचाही आलेख काढ, त्यात ही शिखरं नसावीत. पण तीच पूर्ण पार्श्वभूमी धरू नकोस. बॉटम क्वार्क नावाच्या मूलकणांच्या जोड्यांतून विरुद्ध भाराचे म्युऑन जास्त येतात.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला कमाल ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात. एवढं साठवणं अशक्य, म्हणून ट्रिगर नावाची यंत्रणा निवड करते. पहिली पायरी सुमारे ४ मायक्रोसेकंदांत निर्णय घेते आणि सेकंदाला जास्तीत जास्त लाखभर घटना पुढे सोडते. त्यातल्या फार थोड्या कायमच्या साठतात. रापणीच्या जाळ्याचा आस, म्हणजे भोक, जेवढा, त्याहून बारीक मासळी जाळ्यात उरत नाही. समुद्रात ती नव्हती असं म्हणता येत नाही. तसेच कमी संवेगाचे म्युऑन तुझ्या फाईलमध्ये कमी आहेत. ट्रिगरच्या मर्यादेमुळे आलेखाला कुठे कुठे पसरट फुगवटे येतात, त्यांना कण समजू नकोस.

अनोळखी जागी उंचवटा दिसला तर? खणात १०० घटना अपेक्षित असतील, तर १० इकडेतिकडे नेहमीचंच. या नेहमीच्या चढउताराला सिग्मा म्हणतात. १३० आल्या म्हणजे तीन सिग्मा. पण शंभर खण तपासलेस, तर एखादा नुसत्या नशिबानेही बराच वर येतो. आम्ही पाच सिग्मा मागतो, म्हणजे नुसत्या योगायोगाने तसं होण्याची शक्यता ३५ लाखांत एक. डिसेंबर २०१५ मध्ये अ‍ॅटलास हा इथलाच दुसरा प्रयोग आणि सीएमएस, दोघांनाही दोन फोटॉनांच्या आलेखात ७५० जीईव्हीजवळ उंचवटा दिसला होता. जगभरातून शेकडो शोधनिबंध आले. ऑगस्ट २०१६ पर्यंत आणखी डेटा आला आणि तो विरून गेला. उलट २०१२ चा हिग्ज कण १२५ जीईव्हीला टिकला.

म्हणून खऱ्या शोधात संशयाची जागा आधी झाकून ठेवतात. निवडीच्या अटी, पार्श्वभूमीचा वक्र, सगळं ठरल्यावरच ती उघडायची. उंचवटा बघून अटी बदलल्या, तर तो आपणच वाढवलेला असतो. मला विचारशील तर या कामात इतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

हीच रीत हजारो जीईव्हीला लावली की अडचण वेगळी. चुंबकीय क्षेत्र ३.८ टेस्ला असूनही १००० जीईव्हीचा म्युऑन जेमतेम वळतो. संवेग वळणावरून मोजायचा, म्हणून संवेदकांची जागा केसाच्या जाडीहून कमी चुकली तरी वस्तुमान सरकतं. झेडचं शिखर ९१.२ वर बसतंय ना, हे आधी तपासतात ते त्यासाठीच.

आलेख पाठवशील तेव्हा खणांची रुंदी, लावलेल्या अटी आणि वजाबाकीनंतर उरलेल्या जे/सायचा आकडा त्याच्या चुकीच्या मर्यादेसह लिही. दोन्ही मोजण्या मिळवून वर्गमूळ काढलंस की ती मर्यादा मिळते. आईबाबांना आणि आजीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या