गुरुवारी फोन का उचलला नाही

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स
१४ नोव्हेंबर

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला तू फोन केलास, तेव्हा इथे गुरुवारचे संध्याकाळचे सात वाजले होते. फोन कोटाच्या खिशात आणि कोट खुंटीला. नंतर सहा मिस्ड कॉल बघून पोटात गोळाच आला. आई, मी ठणठणीत आहे. वेळेवर जेवते. थंडी आहे, पण घरात हीटर आहे आणि तू विणलेला स्वेटर आतून असतोच.

बाबांनी विचारलंय, दर गुरुवारी कसला खेळ, आणि तिथे पैसे लावतात का? खेळ बोलिंगचा, बाबा, म्हणजे खुंट्यांसारख्या उभ्या केलेल्या पिना चेंडू घरंगळवून पाडायच्या. आणि नाही, कुणी पैसे लावत नाही. आमच्या लॅबमधली आठ जणं जातो, साडेआठला मैत्रीण मला दारात सोडते. पण तुमची शंका अगदीच वावगी नाही. शेजारच्या कनेटिकट राज्यानं १८४१ मध्ये जुगारापायीच नऊ पिनांच्या खेळावर बंदी घातली होती. बंदी नऊ पिनांवर, म्हणून लोकांनी दहावी उभी केली, असं इथे सांगतात. नऊ पिनांचा खेळ युरोपातून आलेल्या लोकांनी इकडे आणला. जर्मनीत फार पूर्वी चर्चमध्ये माणसं आपला सोटा उभा करून, त्यालाच पाप मानून, धोंडा घरंगळवून पाडत, अशी त्याची मूळ कथा. पुढे १८९५ मध्ये न्यूयॉर्कला संघटना झाली, मापं ठरली. टीव्हीवर दिसते ती पोट सुटलेल्या बाटलीसारखी, १५ इंच उंच पिन आणि बोटं घालायला भोकं असलेला जड चेंडू, तो हा दहा पिनांचा खेळ.

आम्ही खेळतो तो मात्र याच गावात जन्मला. १८८० च्या सुमाराला जस्टिन व्हाइट नावाच्या इथल्या गृहस्थांनी सुरू केला. नाव कँडलपिन, म्हणजे मेणबत्तीसारखी पिन. पण आई, ती मेणबत्तीपेक्षा आपल्या लाटण्यासारखी दिसते. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये जराशी जाड, कुठल्याही टोकावर उभी करा. उंची पावणेसोळा इंच आणि जाडी जेमतेम तीन. चेंडू सव्वा किलोच्याही आतला, भोकं नसलेला, तळहातात मावतो.

आता यातली खरी गंमत. एका पाळीत तीन चेंडू मिळतात, पण पडलेल्या पिना मध्ये कुणी उचलत नाही. त्या तिथेच आडव्या पडून राहतात. त्यांना ‘लाकूड’ म्हणतात. हल्ली पिना बहुतेक प्लॅस्टिकच्या असल्या तरी ‘लाकूड’च म्हणतात. पहिल्या दिवशी मी वाट बघत उभी, की यंत्र येऊन झाडून नेईल. कुणी नेईना! मग कळलं, पुढचा चेंडू त्या पडलेल्यांवरच मारायचा. आडवी पिन नीट तिरकी पडली असेल, तर गरगरत जाऊन मागच्या दोन-तीन घेऊन पडते. चुकीची पडली तर चेंडू तिच्यावरच अडतो. म्हणूनच हा फार कठीण. पूर्ण डावात पैकीच्या पैकी म्हणजे ३०० गुण, पण आजवर कुणाला २४५ च्या वर जाता आलेलं नाही. तेवढे दोघांनी केलेत, एकानं १९८४ मध्ये, दुसऱ्यानं २०११ मध्ये. माझे परवा ७१ झाले.

काउंटरवर एक जुनी लाकडी पिन ठेवली आहे, मेपलची. मी हातात घेतली. कातलेल्या रेषा अंगठ्याला लागतात, मधोमध चेंडूंनी कुटून काळी पडली आहे. बाबा, तुम्ही कातलेलं शिसवाचं लाटणं आठवलं. ते मी रोज वापरते. यंत्रं नव्हती तेव्हा पिना उभ्या करायला मागे शाळकरी पोरं बसायची, आमच्या एका वयस्कर सहकाऱ्याचे वडील त्यातलेच. तुम्हीही त्या वयात लेथवर उभे होतात, ते मनात आलं.

गणपतीला आले नाही, आजीच्या वर्षश्राद्धालाही नाही. रजा नव्हती हे खरंच होतं, आई, पण मागायला उशीर मीच केला.

बाळूच्या लग्नाला मात्र नक्की येते, दहा दिवस. हॉलचे पैसे मंगळवारी पाठवलेत, त्यात छपराच्या कौलांचेही धरलेत, तेव्हा सोसायटीचं कर्ज काढू नका. मामानं सुचवलेल्या स्थळाला एवढंच कळवा, की आल्यावर भेटेन, पत्रिका आत्ताच जुळवत बसू नका. मी टाळत नाहीये.

लाटण्याला टोकाशी चीर गेली आहे, येताना घेऊन येते. पैसे जमा झाले की फोन करा. गुरुवार असला तरी आता फोन हातातच ठेवेन.

तुमची,
ताई