पुण्याहून पथक येईपर्यंत : नाशिकच्या विभागीय आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. विभागीय आयुक्त,
नाशिक विभाग, नाशिक रोड.

विषय : रासायनिक, जैविक व किरणोत्सारी आपत्तींसाठी विभागाची स्वतःची तयारी असण्याबाबत.

महोदय,

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मी 26 वर्षे सुरक्षा अधिकारी म्हणून काम केले. निवृत्तीपूर्वीचे एक मॉक ड्रिल अजून आठवते. अमोनिया गळतीचा भोंगा झाला, कामगार शिस्तीत बाहेर येऊन ठरलेल्या जागी उभे राहिले, हजेरी झाली आणि अहवालात ‘समाधानकारक’ असा शेरा पडला. छतावरचा विंड सॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, मात्र त्या वेळी नेमका आमच्याच रांगेकडे फुगला होता. गळती खरी असती, तर हजेरी देता देताच वायू आमच्या अंगावर आला असता.

घातक रसायनांबाबतच्या 1989 च्या नियमांनुसार कारखान्याबाहेरील आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून एकदा व्हायलाच हवी, आणि आसपासच्या रहिवाशांना धोक्याची माहिती आधीच द्यायला हवी. विशाखापट्टणमला 7 मे 2020 च्या पहाटे कारखान्यातून स्टायरीन या विषारी रसायनाची गळती झाली, तेव्हा माणसे झोपेतून उठून वाट फुटेल तिकडे धावली आणि रस्त्यातच कोसळली. आमच्याकडे कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या कुटुंबाला भोंगा ऐकल्यावर घरात थांबायचे की बाहेर पडायचे, हे आजवर कोणी सांगितले आहे का?

रासायनिक व किरणोत्सारी आपत्तीचे प्रशिक्षण असलेली एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडी पुण्याजवळ, सुमारे 200 किलोमीटरवर आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात, म्हणजे आपल्याच विभागात असली, तरी नाशिकपासून तेही अंतर 150 किलोमीटरहून अधिक भरते. हवेपेक्षा अडीचपट जड असलेला क्लोरीन तेवढा वेळ थांबत नाही. तो उताराने सखल वस्तीत उतरतो. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारे क्लोरीनचे टनर (मोठे सिलिंडर), मनमाडजवळच्या पानेवाडीचे इंधन डेपो, मुंबई-आग्रा महामार्गावरून कसारा घाट चढणारे टँकर, या सर्व ठिकाणी पहिले पोहोचणार ते अग्निशमन दलाचे जवान आणि महामार्ग पोलीस. टँकरच्या पाटीवरील 1017 म्हणजे क्लोरीन आणि 1005 म्हणजे अमोनिया, हे त्यांना दुरूनच वाचता आले पाहिजे. नाशिक आणि मनमाड येथे श्वसनसंच, वायुमापक आणि टनरची गळती रोखण्याचे किट असलेले प्रत्येकी एक वाहन कायम उभे असावे, ही माझी पहिली मागणी आहे.

रुग्णालयांच्या बाबतीत आपण समजतो तितके मागे नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात कीटकनाशकाची विषबाधा झालेला रुग्ण आला, की तिथले डॉक्टर अ‍ॅट्रोपिन आणि पॅम ही उताऱ्याची औषधे देतात. सरिनसारखा मज्जासंस्थेवर घाला घालणारा वायूही ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांप्रमाणेच काम करतो आणि त्यावरही हीच औषधे लागतात. उणीव आहे ती एकाच वेळी शंभर रुग्णांना पुरेल एवढ्या साठ्याची, आणि कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर रुग्णांचे कपडे काढून त्यांना धुण्याच्या जागेची. टोकियोच्या भुयारी रेल्वेत 1995 साली सरिन सोडले गेले, तेव्हा रुग्णांच्या कपड्यांतून उठणाऱ्या वाफेने रुग्णालयाचे कर्मचारीही आजारी पडले होते. त्या जागेसाठी नळ, आडोसा आणि सांडपाण्याची वेगळी टाकी एवढेच लागते.

जैविक धोक्याबाबत कोविडने पुरेसे शिकवले आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, त्याला या आराखड्यात सामील करून घ्यावे.

किरणोत्साराचा विषय निघाला, की लोक लासलगावच्या ‘कृषक’ केंद्राकडे बोट दाखवतात. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तिथे कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी पदार्थ वापरतात, पण ते बंदोबस्तात असते. मला भीती वाटते ती भंगाराची. दिल्लीच्या मायापुरीत 2010 साली एका विद्यापीठाने विकलेले जुने यंत्र भंगारवाल्यांनी फोडले, त्यात कोबाल्ट-60 होते आणि एकाचा जीव गेला. अंबड आणि मालेगावच्या भंगार व्यापाऱ्यांना किरणोत्साराचे चिन्ह ओळखायला शिकवणे एका दिवसाचे काम आहे.

2027 चा सिंहस्थ जवळ येत आहे. 2003 मध्ये कोणताही वायू नसताना चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. रामकुंडाच्या गल्ल्यांत ‘गॅस सुटला’ एवढी आरोळीसुद्धा पुरेशी ठरेल. म्हणून पर्वण्यांपूर्वी एक तालीम रात्री, पूर्वसूचना न देता घ्यावी आणि तिचा अहवाल जाहीर करावा. त्या रात्री वारा कुठून वाहत होता आणि लोकांना कुठे उभे केले होते, हे त्यात अवश्य नोंदवावे.

आपला,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी
सातपूर, नाशिक