देवळाच्या कामावरून

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकच विचारता, जेवलास का? जेवतो, भरपूर जेवतो. दुपारी कुळथाची पिठी-भात खाऊन मंडपातच आडवं व्हायचं, उन्हं कलली की पुन्हा घमेलं उचलायचं. शहरात गोळी घेऊनही न येणारी झोप इथे चटईवर येते.

स्लॅब टाकायचा नाही, कौलंच ठेवायची, हे अखेर ठरलं. ठेकेदाराला सगळं पाडून आरसीसी, ग्रॅनाइट नि स्टीलचं रेलिंग करायचं होतं. असं देऊळ मला मॉलच्या स्वच्छतागृहासारखं दिसतं. पण हे बैठकीत बोललो नाही. देवाने कौल दिला तो जुनं राखायचाच. (थोडा खर्चाच्या आकड्यानेही दिला.)

जांभ्याच्या भिंतींना मागे कुणीतरी सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट फासला होता. जांभ्याचा चिरा पावसाळाभर पाणी पितो. ते बाहेर पडायला वाटच उरली नाही, भिंत आतून भुसभुशीत झाली. आता पुन्हा चुना. कळीचा चुना पाण्यात पडला की रटरटतो, चष्मा वाफेने पांढरा होतो. मग तो मुरवायचा, रेती घालून मळायचा, गुळाचं पाणी घालायचं. सिमेंटसारखा घाईने आवळत नाही, हवा खात सावकाश घट्ट होतो.

खांब खरवडायचं काम माझ्याकडे आहे. वरचा रंग आकाशी, खाली पोपटी, त्याखाली चॉकलेटी आणि मग सागवान. एका खांबाच्या बुडाशी बोटभर पोपटांची जोडी निघाली. गावात कुणालाच ती ठाऊक नव्हती! आई, येईल-जाईल त्याला मी ती दिवसभर दाखवत होतो.

बाबा, तुम्हाला एक मुद्दाम सांगतो. भिंत लिंपणारा गवंडी बौद्धवाडीतला आहे. त्याच्या आजोबांना पायरीच्या वर येऊ देत नसत, हे तुम्हीच सांगितलं होतंत. आज चुन्याच्या कामात त्याचाच शब्द, आणि मी त्याच्या हाताखाली. एक-दोन मानकऱ्यांनी नाकं मुरडली. तो त्यावर काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. पण थापी कशी धरायची ते त्यानेच मला शिकवलं.

इतकी वर्षं मी गावाला वर्गणीपुरता होतो. पावती फाडायची, पालखी आली की ओटी भरायची, परतीची गाडी धरायची. आता सकाळी अंगणातून हाक येते, आणि नाही गेलो तर विचारपूस करायला माणूस येतो. हे मला हवं होतं, एवढंच. आणि ते मला माहीतही नव्हतं.

कौलं उतरवताना एकावर शेवाळाखाली बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा छाप सापडला. मंगळूरचा त्यांचा कारखाना 1865 मध्ये निघाला. आजोबा बंदरावर कौलं उतरवायला जायचे म्हणता, ती हीच का? आठवून सांगा.

शिमग्याची तुतारी एक्स्प्रेसची तिकिटं मी काढतो, दोघांना खालचा बर्थ. आई, पायऱ्या नव्याने बसवल्यात, धरायला कठडाही केलाय. गुडघ्यांची सबब चालणार नाही. येताना माझा जुना चष्मा आणा, या काचांवर चुन्याचे डाग पडलेत.

तुमचा,
बाळू